गूगलवर भलतेच शीर्षक आणि भलतेच वर्णन: दुरुस्त करूनही परत येणारी अडचण

संकेतस्थळाच्या पानाला आपण विचारपूर्वक शीर्षक दिलेले असते, खाली दोन ओळींचे वर्णनही लिहिलेले असते, आणि तरीही गूगलच्या निकालात तिसरेच काही दिसते. शीर्षकाच्या जागी नुसते ‘मुख्यपृष्ठ’ येते, किंवा गावाचे नाव गळून रोपवाटिकेचे नाव दोनदा येते. वर्णनाच्या जागी फोन नंबर, मेनूतले शब्द आणि ‘सर्व हक्क राखीव’ यांची सरमिसळ दिसते. मालकाचा फोन येतो, शीर्षक बदलले जाते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यातील रोपवाटिका, हिंगणघाटकडचे जिनिंगवाले, चिखलदऱ्याच्या बाजूला मुक्कामाची सोय करणारे आणि तालुक्यातालुक्यांत उभ्या राहिलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर मला ही तक्रार सतत आढळते.

ती परत येते याचे कारण बहुतेक वेळा गूगलमध्ये नसून पानाच्या घडणीत असते. आपण प्लगइनमधली (संकेतस्थळाला सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्राममधली) शीर्षकाची चौकट तेवढी बदलतो. पानाचा मोठा मथळा, थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवलेले नाव, व्हॉट्सअ‍ॅपसाठी दिलेले शीर्षक आणि इतर पानांवरून येणाऱ्या दुव्यांचे शब्द मात्र जुनेच राहतात. गूगल निकालातले शीर्षक तयार करताना या सगळ्यांकडे पाहते. पानाच्या शीर्षकाचा टॅग (पानामागच्या संगणकी मजकुरातली खूण) हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा स्रोत आहे, पण एकमेव नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षके ठरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा जगभरातून तक्रारी आल्या. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांनी स्पष्ट केले की सुमारे ८७ टक्के वेळा मूळ टॅगमधलेच शीर्षक वापरले जाते. म्हणजे बदललेले शीर्षक हा अपवाद आहे आणि अपवादाला बहुधा शोधता येण्याजोगे कारण असते. ते सापडेपर्यंत चौकटीतले शब्द फिरवत बसण्यात अर्थ नाही.

आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे

तक्रार करणारा बहुधा मोबाइलवरचा फोटो पाठवतो आणि त्यात निकाल असतो, पण वर शोधचौकटीत काय लिहिले होते ते कापलेले असते. तो फोटो निदानाला पुरत नाही. निकालाखालचे वर्णन शोधलेल्या शब्दांप्रमाणे बदलते; एकच पान ‘संत्रा कलम भाव’ असे शोधले तर दरांचा उतारा दाखवते आणि ‘वरुड नर्सरी’ असे शोधले तर पत्त्याचा. शीर्षकसुद्धा क्वचित शोधाप्रमाणे थोडे बदलू शकते. त्यामुळे शोधचौकटीसकट फोटो मागवावा, आणि तक्रार एकाच शोधापुरती आहे की प्रत्येक शोधात आहे हे पहिल्यांदा ठरवावे. फक्त वर्णन बदलत असेल आणि दिसणारा उतारा त्या शोधाला योग्य असेल, तर बिघाड नाही. गूगलने गिऱ्हाइकाला हवी ती ओळ दाखवली आहे आणि तिला हात लावू नये.

दुसरी तपासणी पानाच्या मूळ मजकुराची. संगणकावर पानाचा स्रोत, म्हणजे पान ज्यातून तयार होते तो संगणकी मजकूर, उघडावा; अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या आधी ‘व्ह्यू-सोर्स’ आणि विसर्गासारखे चिन्ह इंग्रजीत टाकले की तोच मजकूर दिसतो. ही तपासणी लॉगिन न केलेल्या, खाजगी खिडकीत करावी, कारण लॉगिन असताना पुष्कळदा ताजे पान दिसते आणि बाकी जगाला कॅशेतले, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या प्रतीतले, जुने. स्रोतात शीर्षकाचा टॅग किती वेळा आला आहे, वर्णनाचा टॅग किती वेळा आला आहे आणि पहिल्या दर्जाचा (म्हणजे पानाचा मोठा) मथळा काय म्हणतो, एवढे तीन प्रश्न विचारावेत. जवळपास अर्ध्या तक्रारींचे उत्तर येथेच सापडते, असे माझे मत आहे.

तिसरी तपासणी संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या ‘सर्च कन्सोल’ या साधनातल्या पत्ता-तपासणीची. तेथे गूगलने पान शेवटी केव्हा वाचले, त्या वेळी त्यात काय होते आणि गूगलने कोणता पत्ता मूळ मानला आहे, हे तिन्ही कळते. आपण बदल सोमवारी केला आणि गूगलने पान त्याआधीच्या महिन्यात वाचले असेल, तर निकाल जुना दिसणारच. तसेच ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला, सुरक्षित (एचटीटीपीएस) आणि असुरक्षित (एचटीटीपी), असे एकाच पानाचे वेगवेगळे पत्ते चालू असतील आणि गूगलने त्यातला जुना पत्ता मूळ मानला असेल, तर आपण नव्या पत्त्यावरचे शीर्षक कितीही सुधारले तरी निकालात जुनेच राहते. अशा वेळी जुने पत्ते कायमच्या पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेण्याच्या सोयीने) एका पत्त्यावर आणणे हाच उपाय आहे.

दोन शीर्षके आणि थीमची अपडेट

‘दुरुस्त केले होते, पण आपोआप परत आले’ असे कोणी सांगितले की मी प्रथम थीमकडे पाहतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर २०१४ अखेरच्या ४.१ आवृत्तीपासून शीर्षकाचा टॅग थीमने स्वतः न लिहिता वर्डप्रेसकडून घ्यावा अशी सोय आहे. तरीही स्वस्तात विकल्या जाणाऱ्या किंवा कुणीतरी हाताने जोडून दिलेल्या अनेक थीममध्ये हेडरच्या (पानाच्या वरच्या भागाच्या) फाइलीत शीर्षक थेट लिहिलेले असते. त्यामुळे एकाच पानात दोन शीर्षके उमटतात: एक थीमचे, एक प्लगइनचे. ब्राउझर पहिले धरतो, आपण प्लगइनमध्ये दुसरे दुरुस्त करत राहतो.

यातच दुसरा प्रकार असतो. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने हेडरची फाइल उघडून तेथे दुरुस्ती केलेली असते आणि ती त्या दिवशी चालतेही. पुढे थीमची अपडेट आली की फाइल पुन्हा मूळ रूपात जाते आणि जुने शीर्षक परत येते. अमरावती जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेच्या संकेतस्थळावर नेमके हेच चालले होते, आणि ते बनवून देणाऱ्या माणसाने दर वेळी दुरुस्तीचे पैसे घेऊन तीच फाइल पुन्हा पुन्हा बदलून दिली होती. शेतकऱ्याच्या खिशातून जाणारे हे पैसे पाहून वाईट वाटते, कारण कायमचा उपाय अवघड नाही. थीममध्ये कोणताही बदल करायचा तर तो चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमच्या अपडेटने न पुसल्या जाणाऱ्या जोड-थीममध्ये) करावा, हेडरमधले हाताने लिहिलेले शीर्षक काढून टाकावे, आणि शीर्षक व वर्णन सांभाळणारे एकच प्लगइन चालू ठेवावे. अशी दोन प्लगइन एकाच वेळी चालू असतील तर वर्णनाचे टॅगही दोन होतात आणि त्यांतले कोणते वाचले जाईल याचा भरवसा राहत नाही. बदलानंतर कॅशे रिकामी करावी आणि खाजगी खिडकीत स्रोत पुन्हा पाहावा.

शीर्षक एक सांगते, पान दुसरेच

शीर्षक तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही गूगल ते बदलते, तेव्हा बहुधा शीर्षक आणि पान यांच्यात मेळ नसतो. येथे एक पान जवळून पाहणे उपयोगाचे होईल. शेंदूरजना घाट परिसर संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या रोपवाटिकांच्या संकेतस्थळांवर ज्या घडणीचे पान वारंवार आढळते, तेच उदाहरणाला घेतो. अशा पानाचे शीर्षक साधारण असे असते: ‘होम, बेस्ट नर्सरी इन विदर्भ, नागपूर, अमरावती, वर्धा, यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वाशीम’. पानाचा मोठा मथळा ‘आपले सहर्ष स्वागत आहे’. त्याखाली फिरणारी छायाचित्रे, आणि दर, कलमांचे वय, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते झाड), नोंदणी ही सगळी माहिती छापील पत्रकाच्या एका फोटोत. मजकूर म्हणून पानावर वाचता येण्याजोगे काय उरते? मेनू, फोन नंबर आणि तळाची ओळ.

गूगलला असे पान मिळाले की शीर्षकातली जिल्ह्यांची यादी त्याला भरताड वाटते आणि ते ती टाकून देते; मोठ्या मथळ्यात घेण्याजोगे काही नसते; म्हणून निकालात ‘होम’ आणि पुढे रोपवाटिकेचे नाव एवढेच उरते. वर्णन म्हणून मेनूचे शब्द येतात, कारण फोटोतला मजकूर हा पानाचा मजकूर धरता येत नाही. मालक म्हणतो, ‘आम्ही वर्णन तर लिहिले होते.’ लिहिलेले असते, पण ते पानाच्या विषयाला नीट लागू पडत नाही असे वाटले की गूगल पानातून उतारा घेते, आणि येथे तर उताऱ्यासाठीही पानात काही नसते.

या पानाची दुरुस्ती शीर्षकापासून नव्हे, मथळ्यापासून सुरू करावी. पत्रकातली माहिती टाइप करून पानावर आणावी. फोटो हवा तर खाली राहू द्यावा. मोठा मथळा ‘जंभेरी खुंटावरील संत्र्याची कलमे’ असा करावा, म्हणजे पान कशाचे आहे हे माणसालाही पहिल्या नजरेत कळते. मग शीर्षक लिहावे: ‘संत्र्याची कलमे, जंभेरी खुंटावरील – शेंदूरजना घाट, ता. वरुड’. मथळा आणि शीर्षक शब्दशः सारखे असण्याची गरज नाही, पण दोन्ही एकाच वस्तूचे नाव घेत असले पाहिजेत. शेवटी वर्णन: ‘जंभेरी खुंटावर डोळा भरलेली नागपुरी संत्र्याची कलमे पावसाळी लागवडीसाठी मिळतील. कलमांचे वय, दर, नोंदणीची पद्धत आणि वरुडहून येण्याचा रस्ता या पानावर दिला आहे.’ या दोन वाक्यांत ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’ असे शब्द नाहीत, कारण कलम घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला खुंट कोणता आणि दर काय हे हवे असते; आणि वर्णनात सांगितलेली प्रत्येक गोष्ट पानावर खरोखर आहे, म्हणून गूगललाही ते टाकून देण्याचे कारण उरत नाही.

जिल्ह्यांच्या यादीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हा हट्ट सुटता सुटत नाही. विदर्भात ११ जिल्हे आहेत आणि ते सगळे शीर्षकात घातले म्हणजे अकराही ठिकाणी आपण वर येऊ असे मालकाला वाटते. तसे होत नाही. उलट खरे गाव आणि खरा तालुका त्या गर्दीत हरवतो. ज्या जिल्ह्यात माल पोहोचवता त्याची माहिती पानाच्या मजकुरात वाक्यात लिहावी. शीर्षकात जेथे गिऱ्हाईक प्रत्यक्ष येणार ते ठिकाण पुरे.

त्याच रोपवाटिकेची मोसंबी, कागदी लिंबू आणि संत्रा यांची तीन पाने असतील आणि तिन्हींचे शीर्षक ‘कलमे व रोपे’ एवढेच असेल, तर गूगल प्रत्येक पानातून वेगळेपणा शोधून स्वतःच शीर्षक लावते. वर्णन सर्व पानांवर एकच ठेवले तरी तोच परिणाम होतो. वेळ कमी असेल तर सगळ्या पानांना सारखे वर्णन देण्यापेक्षा मुख्य पान आणि सर्वाधिक विक्रीचे पान यांचे वर्णन नीट लिहावे आणि बाकी रिकामे ठेवावे; गूगल तेथे मजकुरातून उतारा घेईल आणि तो बहुधा चालण्याजोगा असतो.

मानांकनाबद्दलही हेच. नागपुरी संत्रे, वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे आणि ते शीर्षकात घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण पानावर माल कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, याबद्दल एक ओळही नसेल आणि मानांकनाचा दावा केवळ शीर्षकात असेल, तर तो शब्द निकालात टिकेल याची खात्री देता येत नाही. आधी पानावर लिहावे, मग शीर्षकात घ्यावे.

भाषा, लिपी आणि जुने फाँट

मराठी संकेतस्थळांचा हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

पान मराठीत आणि शीर्षक रोमन लिपीतल्या इंग्रजीत, ही चिखलदऱ्याकडच्या मुक्कामाच्या ठिकाणांची नेहमीची तऱ्हा आहे. पर्यटक इंग्रजीत शोधतात असे कारण दिले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु २०२२ साली गूगलने जाहीर केले की शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानाच्या मुख्य मजकुरापेक्षा वेगळी असेल तर पानाच्या भाषेशी जुळणारे शीर्षक निवडले जाईल. त्यामुळे मराठी पानावरचे रोमन शीर्षक बदलले जाण्याची शक्यता राहतेच. इंग्रजीत शोधणारे गिऱ्हाईक हवे असेल तर त्यांच्यासाठी इंग्रजी मजकुराचे स्वतंत्र पान करावे आणि मराठी पानाचे शीर्षक मराठीतच ठेवावे. एकाच शीर्षकात दोन्ही लिप्या कोंबल्या की दोन्ही अर्धवट दिसतात.

दुसरी बाब जुन्या फाँटची. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असला तरी आतून तो रोमन अक्षरांचा असतो. फाँट त्या अक्षरांवर देवनागरी आकार चढवतो. पानावर तो फाँट जोडलेला असेल तर मजकूर डोळ्यांना ठीक दिसतो. शीर्षकाला मात्र असा फाँट लागत नाही, म्हणून ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. जी पत्रके तालुक्याच्या छापखान्यात तयार झाली आणि तेथूनच मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला गेला, तेथे हा बिघाड हमखास असतो. केवळ शीर्षक युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत) टाइप करून भागत नाही. पानाचा मजकूर जुन्याच फाँटमध्ये राहिला तर गूगलच्या दृष्टीने ते पान मराठी नाहीच. सगळा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर एकदा माणसाने वाचावा, कारण परिवर्तनात रफार, अर्धी अक्षरे आणि वेलांटी यांची उलथापालथ होते.

‘ऱ्य’ या अक्षराकडे वेगळे लक्ष द्यावे. ‘शेतकऱ्यांसाठी’ आणि ‘चिखलदऱ्यातील’ हे शब्द आपल्या भागातल्या शीर्षकांत सतत येतात आणि कीबोर्डवर ते नीट जमले नाही की ‘शेतकर्यांसाठी’, ‘चिखलदर्यातील’ असे उमटतात. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत आणि ‘य’ जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलंत व न दिसणारे जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, आतून वेगळे. मजकूर एकीकडून, शीर्षक दुसरीकडून चिकटवले की एकाच पानात दोन्ही प्रकार येतात. पहिला प्रकार सगळीकडे ठेवावा. प्रतिमा संपादकातून किंवा पीडीएफमधून उचललेले शीर्षक चिकटवण्यापेक्षा हाताने टाइप केलेले केव्हाही चांगले.

तुटलेली अक्षरे आणि लांबीचा हिशेब

वर्णनाच्या शेवटी काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह दिसते, ही तक्रार फक्त मराठी, हिंदी अशा पानांवर येते. युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काही थीम पानाच्या सुरुवातीचा मजकूर आपोआप कापून वर्णन बनवतात आणि तो चिन्हे न मोजता बाइट मोजून कापतात. १६० बाइटवर कापले तर देवनागरीची जेमतेम ५३ चिन्हे बसतात आणि एखादा बाइट उरतो. तो अर्धवट बाइट म्हणजेच तो काळा चौकोन. पीएचपी या वर्डप्रेसच्या संगणकभाषेत साध्या ‘सबस्टर’ऐवजी ‘एमबी-सबस्टर’ वापरले की चौकोन जातो, पण तरीही शब्द मधेच तुटून शेवटी लोंबकळता हलंत राहू शकतो. म्हणून कापणे नेहमी शब्दाच्या जागेवर करावे. वर्डप्रेसचे शब्द मोजून कापणारे ‘डब्ल्यूपी-ट्रिम-वर्ड्स’ यासाठी ठीक आहे. हाताने लिहिलेले वर्णन असेल तर हा प्रश्न येतच नाही.

काळ्या चौकोनाऐवजी नुसती ‘????’ अशी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर बिघाड डेटाबेसमध्ये आहे. तक्त्याचा अक्षरसंच लॅटिन ठेवलेला असतो आणि मराठी अक्षरे साठवतानाच नष्ट होतात. अक्षरसंच ‘युटीएफ८एमबी४’ करावा. पण गेलेली अक्षरे त्याने परत येत नाहीत, ती पुन्हा टाइप करावी लागतात.

लांबीबद्दल प्लगइन जो हिरवा-लाल दिवा दाखवते, त्यावर मराठीत फार विसंबू नये. ‘संत्र्याची कलमे’ हे डोळ्यांना सहा अक्षरे आणि एक मोकळी जागा दिसते. संगणकाच्या मोजणीत ती १५ चिन्हे भरतात, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलंत सगळे वेगळे मोजले जातात. गूगल शीर्षक आणि वर्णनाला चिन्हांची मर्यादा घालत नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढे दाखवते आणि बाकी कापते. वर्णनाची दिसणारी लांबीही स्थिर नसते: डिसेंबर २०१७ मध्ये ती बरीच वाढवली गेली होती आणि मे २०१८ मध्ये पुन्हा कमी झाली. तेव्हा आकडा गाठण्याच्या मागे न लागता वस्तूचे नाव आणि गाव शीर्षकाच्या पहिल्या अर्ध्या भागात येईल आणि वर्णनातले पहिले वाक्य एकटे वाचले तरी पुरे पडेल, असे लिहावे.

वर्णनात नको ते येत असेल तर

फोन नंबर, सूचनांची पट्टी किंवा कुकीची परवानगी मागणारे वाक्य वर्णनात येत राहिले, तर तेवढ्या भागाला ‘डेटा-नोस्निपेट’ हे गुणविशेष (हा भाग वर्णनात घेऊ नका असे सांगणारी खूण) लावता येते. गूगलने ही सोय २०१९ मध्ये आणली आणि ती ‘स्पॅन’, ‘डिव्ह’ व ‘सेक्शन’ या टॅगवर चालते. संपूर्ण पानाला ‘नोस्निपेट’ लावू नये. त्याने वर्णनच नाहीसे होते, आणि हा टॅग कुणीतरी कधीतरी लावून विसरून गेल्यामुळे वर्णन रिकामे येण्याचे प्रकारही आढळतात.

‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर ‘रोबोट्स’ फाइल (गूगलसारख्या शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणारी) पाहावी. तेथे पान अडवलेले असले की गूगल आत शिरत नाही, बाहेरच्या दुव्यांवरून पत्ता ओळखून निकालात ठेवते आणि आपले शीर्षक-वर्णन वाचतच नाही. अडथळा काढणे एवढाच उपाय.

मेटा कीवर्डच्या (पानावर न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या) चौकटीत शब्द भरत बसण्याचे कष्ट घेऊ नयेत. क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे, आणि वर्णनाचाही क्रमवारीशी थेट संबंध नाही. वर्णनाचे काम निकालात दिसल्यावर गिऱ्हाइकाने दुवा उघडावा एवढे आहे; शीर्षकाचे त्याहून अधिक.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवल्यावर दिसणारे चित्र आणि ओळ वेगळी गोष्ट आहे. गावात दुवा गूगलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच जास्त फिरतो, आणि तेथे ‘ओपन ग्राफ’चे, म्हणजे दुवा पाठवल्यावर दिसण्यासाठी पानात वेगळ्या टॅगमध्ये दिलेले, शीर्षक व वर्णन वापरले जाते. तेही शीर्षकाशी जुळते ठेवावे, कारण गूगल शीर्षक ठरवताना त्याकडेही पाहते.

बदलानंतर

पत्ता-तपासणीतून पान पुन्हा वाचण्याची विनंती करावी आणि थांबावे. काही दिवस ते काही आठवडे लागतात. या काळात शीर्षक पुन्हा बदलू नये. दर दोन दिवसांनी बदललेल्या शीर्षकाचा परिणाम कोणालाच कळत नाही. सर्च कन्सोलमधला कामगिरीचा अहवाल १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतो. त्यात पान निवडून लोक कोणत्या शब्दांनी आले ते पाहावे. खूप वेळा दिसूनही फार कमी वेळा उघडले जाणारे पान आधी हाती घ्यावे, आणि तेथल्या शोधांत ‘संत्रा कलमा’ असे आपल्या बोलीतले रूप वारंवार येत असेल तर ते वर्णनात आणि मजकुरात एकदा सहज येऊ द्यावे.

गूगलने बदललेले शीर्षक आपल्या मथळ्यातून घेतलेले असेल आणि ते बरोबर असेल, तर ते तसेच राहू द्यावे. शक्य झाल्यास आपणच टॅगमध्ये तेच घालावे.

वर्ष असलेल्या पानांचा प्रश्न मात्र दर हंगामात परत येतो. कापसाचे दर, तुरीची खरेदी, कलमांची नोंदणी अशी पाने दरवर्षी त्याच पत्त्यावर नव्याने भरली जातात. मजकुरात नवे वर्ष येते आणि शीर्षकात मागचे राहते. गूगल अशा शीर्षकातले जुने वर्ष स्वतः बदलू शकते, किंवा बदलत नाही आणि गिऱ्हाईक जुने पान समजून पुढे जाते. ज्या दिवशी दर बदलला त्याच दिवशी मथळा, शीर्षक, वर्णन आणि ओपन ग्राफ ही चारही ठिकाणे एका बैठकीत बदलावीत. जुन्या वर्षाचे दर जपायचे असतील तर ते त्या वर्षाच्या स्वतंत्र पानावर हलवावेत आणि चालू हंगामाच्या पानाच्या शीर्षकात वर्ष न घालता ‘कापसाचे आजचे दर’ एवढेच ठेवून तारीख मजकुरात द्यावी. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नवा कापूस आला की दर आणि तारीख एवढेच बदलावे लागते.